धागा : चित्रपट पाहिलात, मग साक्ष कुठे आहे?

१.
गेल्या आठवड्यात कोणता चित्रपट पाहिला आणि तो कसा वाटला, असे विचारले की हल्ली उत्तर एकदोन शब्दांत मिळते : ‘भारी’, ‘बकवास’ किंवा ‘शंभर कोटी’. यांपैकी एकही मत नव्हे, असे माझे म्हणणे आहे. पहिले दोन नुसते उद्गार आहेत आणि तिसरा दुसऱ्याच्या गल्ल्याचा हिशेब. हे म्हणणे शतकभराच्या इतिहासातील पुराव्यांनिशी मांडतो. धागा लांब आहे. मध्येच राग आला तरी शेवटपर्यंत वाचावा, मग भांडावे.

२.
आरंभ दादासाहेब फाळक्यांपासून. त्यांच्या निर्मितीपासून नव्हे, त्यांच्या पाहण्यापासून. १९१०-११च्या सुमारास मुंबईतील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील चित्रपट पाहिला. पुढे १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकात त्यांनी भारतीय चित्रपटावर लेखमाला लिहिली आणि त्या दिवशी काय घडले ते मराठीत नोंदवून ठेवले. डोळ्यांपुढे ख्रिस्त सरकत होता आणि मनापुढे कृष्ण, राम, गोकुळ, अयोध्या उभी राहत होती. पुन्हा तिकीट काढून त्यांनी तोच चित्रपट लगेच दुसऱ्यांदा पाहिला.

३.
या नोंदीची घडण पाहावी. काय पाहिले, पाहताना मनात काय झाले आणि त्यामुळे कोणते पाऊल उचलले, हे तिन्ही त्यात आहे. त्या खेळाचा गल्ला किती झाला हे फाळक्यांनी लिहिले नाही. नुकताच पाहिलेला चित्रपट एका प्रेक्षकाला कसा वाटला, ही आपल्या चित्रसृष्टीची जन्मकथा आहे. ती आज आपल्याला ठाऊक आहे, कारण त्या प्रेक्षकाने ती सविस्तर लिहिली. नुसते ‘उत्तम होता’ म्हणून ते घरी गेले असते, तर?

४.
‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लोकांपुढे आला. आज तो अपुरा उरला आहे. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. त्यांतील पूर्ण वा तुकड्यांनी शिल्लक असलेले तीसच्या आतबाहेर भरतात. १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकमध्ये झळकलेला पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’. त्याची एकही प्रत हाती नाही. कुठल्याही साहित्यात छापील पुस्तकांची अशी अवस्था झाली असती, तर आपण तिला आक्रमणाची किंवा महापुराची उपमा दिली असती.

५.
आक्रमण झाले नव्हते. जुनी फीत नायट्रेटची, ठिणगीने भडकणारी. खेळ संपले की तिची किंमत तिच्यातल्या चांदीपुरती. चांदी काढून घेण्यासाठी प्रती विकल्या गेल्या. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात स्थापन झाले ते १९६४ मध्ये, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’नंतर अर्धशतकाने. पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून जे वाचवले ते वाचले. त्यानंतरही जानेवारी २००३ मध्ये पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारातील कोठाराला आग लागली आणि नायट्रेटवरचा मोठा ठेवा गेला.

६.
फीत गेल्यावर इतिहासकाराच्या हाती काय राहते? जाहिरातीचे कात्रण, गाण्यांची पुस्तिका, सेन्सॉरची टिपणे, खटल्यांचे कागद आणि ज्यांनी तो चित्रपट पाहिला त्यांचे शब्द. म्हणजे प्रेक्षकाचे लिखाण हा फावल्या वेळचा चाळा नाही, तो प्राथमिक पुरावा आहे. ज्या चित्रपटाविषयी त्याच्या चाहत्यांनी काही लिहून ठेवले नाही, त्याच्याविषयी दुसऱ्या कोणीतरी लिहिलेले असते. हा ‘दुसरा कोणीतरी’ कोण, हे पाहण्यासारखे आहे.

७.
१९२१. कोहिनूर फिल्म कंपनीचा ‘भक्त विदुर’. दिग्दर्शक कांजीभाई राठोड; विदुराच्या भूमिकेत स्वतः द्वारकादास संपत. महाभारतातील कथा, परंतु पडद्यावरच्या विदुराच्या वेशात लोकांना गांधी दिसले आणि सरकारलाही दिसले. मद्रास आणि सिंधमध्ये चित्रपटावर बंदी आली. आज तो चित्रपट उपलब्ध नाही. त्याच्याविषयी आपण जे जाणतो त्यात बंदी घालणाऱ्यांच्या आक्षेपाचा वाटा फार मोठा आहे.

८.
यातील विपरीतपणा ध्यानात घ्यावा. ज्याला तो चित्रपट नकोसा होता त्याने टिपण लिहिले, कारण दिले, कागद जपून ठेवला. ज्यांना तो हवासा होता, जे विदुराला पाहून थिएटरात हरखले असतील, त्यांचे शब्द जवळजवळ नाहीतच. प्रेम करणारे बोलून मोकळे झाले आणि शत्रूने दप्तर ठेवले. इतिहास दप्तरावरून लिहिला जातो. आज ‘भारी’ एवढेच लिहून पुढे सरकणारा चाहता आपल्या आवडत्या चित्रपटाचे हेच करीत आहे.

९.
आता १९२७. सरकारने दिवाण बहादूर टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट चौकशी समिती नेमली. समितीने प्रश्नावलीच्या चार हजारांहून अधिक प्रती वाटल्या आणि ३५३ साक्षीदारांच्या तोंडी साक्षी घेतल्या. साक्ष देणाऱ्यांत खुद्द फाळकेही होते. त्या काळच्या प्रेक्षकांविषयी एवढी मोठी सामग्री दुसरीकडे नाही. पण साक्षीदार बहुतेक अधिकारी, निर्माते, चित्रपटगृहांचे चालक, शिक्षक, संपादक. पडद्याला नाक लावून स्वस्त तिकिटावर बसणाऱ्याला फारसे कोणी विचारले नाही. त्याच्याविषयी मात्र सर्वांनी भरभरून सांगितले.

१०.
त्याच समितीची प्रश्नावली महात्मा गांधींकडेही गेली. त्यांनी नोव्हेंबर १९२७ मध्ये कळवले की आपण कधी चित्रपटगृहात गेलोच नाही, म्हणून उत्तर देण्यास अपात्र आहोत. येथवर ते उत्तर आदर्श आहे. परंतु पुढे त्यांनी असेही लिहिले की चित्रपटाने केलेले नुकसान बाहेरच्यालाही उघड दिसते, आणि काही भले केले असेल तर ते अद्याप सिद्ध व्हायचे आहे. महात्म्याविषयी पूर्ण आदर ठेवून म्हणतो : हे न पाहता दिलेले मत होते.

११.
त्याला उत्तर मिळाले तेही त्याच काळातले आहे. १९३९ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांनी ‘फिल्मइंडिया’त गांधींना उद्देशून अनावृत पत्र लिहिले. एका तरुण पत्रकाराने राष्ट्राच्या सर्वांत मोठ्या माणसाशी मतभेद नोंदवला. आदर न सोडता आणि कारणे देऊन. आज जाहिरातीची झलक पाहून बहिष्काराची हाक देणारा आणि तीच झलक पाहून ‘युगप्रवर्तक’ म्हणणारा, दोघांनी हे पत्र वाचावे. आपल्याला गांधींइतकी पुण्याई नाही. निदान त्यांच्या उत्तराच्या पूर्वार्धाइतका प्रामाणिकपणा तरी असावा.

१२.
आता आकड्यांकडे. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ मध्ये आला. मुंबईत एकाच चित्रपटगृहात तो वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. हे आपल्याला ठाऊक आहे, कारण आठवडे मोजणारे आणि प्रशस्तिपत्रे देणारे नोंद ठेवतात. पण पंचक्रोशीतून चालत येऊन तंबूतला खेळ पाहणाऱ्या बाईला त्यातली जिजाई कशी वाटली? देवावर चिडणारी, पोरांच्या पोटासाठी भांडणारी ती आवली तिला आपली वाटली का? आठवडे शिल्लक आहेत, बाई नाही.

१३.
ती बाई लिहू शकत नव्हती. अक्षरे तिच्यापर्यंत पोचू दिली गेली नव्हती. तिच्या मौनाला समाज जबाबदार आहे. आपल्या हातात मात्र अक्षरही आहे आणि ते क्षणात जगभर पोचवणारे साधनही. आणि त्या साधनावर आपण काय लिहितो? ‘पहिल्या दिवशी इतके, दुसऱ्या दिवशी इतके.’ जे काम प्रभातच्या मुनिमाचे होते ते आपण हौसेने, विनावेतन करतो.

१४.
हा आकडा कोणाचा, हेही समजून घ्या. वितरकाला तो लागतो, कारण त्याचे पैसे अडकलेले असतात. एकूण गल्ला, करवजा गल्ला आणि वितरकाचा वाटा ही तीन निरनिराळी प्रकरणे आहेत. जाहिरातीत बहुधा सर्वांत मोठा आकडा झळकतो. तो पडताळून पाहण्याची सोय सामान्य प्रेक्षकाकडे नाही. तरीही दोन नटांचे चाहते त्या आकड्यांवरून एकमेकांची आईबहीण काढतात. ज्या धंद्यात आपला पैही वाटा नाही त्याच्या नफ्यासाठी मैत्री तोडणे, याला चित्रपटप्रेम म्हणत नाहीत.

१५.
आकडा निदान खरे भाकीत तरी करतो का? ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला. पहिल्या दिवसांत धंद्यातल्या जाणत्यांनी तो पडला असे ठरवून टाकले होते. तोच पुढे मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षे राहिला. गुरुदत्तचा ‘कागज के फूल’ १९५९ मध्ये खरोखरच पडला. त्यानंतर त्याने दिग्दर्शक म्हणून आपले नाव कोणत्याही चित्रपटाला दिले नाही. आज तो चित्रपट जगभर अभ्यासला जातो. पहिल्या आठवड्याचा निकाल लावणाऱ्यांनी आपल्याकडून गुरुदत्तचे पुढचे चित्रपट हिरावून घेतले, असे कोणी म्हटले तर मी विरोध करणार नाही.

१६.
‘मग पूर्वीचे समीक्षक काय मोठे सज्जन होते?’ मुळीच नाही. १९३५ पासून ‘फिल्मइंडिया’ चालवणारे बाबूराव पटेल आजच्या कोणत्याही जल्पकाला शिकवू शकतील असे जहाल लिहीत. नट्यांच्या रूपावर, खासगी आयुष्यावर त्यांनी जे शेरे मारले ते आज वाचवत नाहीत. तरीही अभ्यासक ते अंक उघडतात. का? कारण शिवीगाळीच्या मध्ये का होईना, कथा कुठे घसरली, छायाचित्रण कसे होते, कोणाचे काम कुठे उणे पडले, हे ते लिहीत. आपण त्यांची शिवी तेवढी उचलली आणि निरीक्षण टाकून दिले.

१७.
आणखी एक प्रकार अधिक गंभीर आहे. १९३० मध्ये प्रभातने शिवचरित्रावरील मूकपट केला. शिवाजी महाराजांच्या भूमिकेत स्वतः व्ही. शांताराम. नाव होते ‘स्वराज्याचे तोरण’. परकी सरकारच्या सेन्सॉरला ‘स्वराज्य’ खटकले आणि चित्रपट ‘उदयकाल’ या नावाने आला. तेव्हा चित्रपटाविषयी मोकळे बोलू न देणारे सरकार होते. आज एखाद्या ऐतिहासिक चित्रपटाची पटकथा फसली किंवा युद्धप्रसंग संगणकी खेळासारखे वाटले असे कोणी लिहिले, की त्याला महाराजांचा द्रोही ठरवणारे आपल्यातलेच प्रेक्षक आहेत.

१८.
यात बळी दोघांचा जातो. चित्रपट वाईट असेल तर सुधारत नाही, कारण श्रद्धेच्या आडोशाने त्याला सर्व माफ होते. आणि इतिहासही बिघडतो, कारण पडद्यावरचा काल्पनिक संवाद उद्या शाळेतला मुलगा पुरावा म्हणून सांगतो. महाराजांवरची निष्ठा आणि त्यांच्यावरच्या चित्रपटाचे मूल्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला त्या वेगळ्या ठेवता येत नाहीत, त्याने निर्मात्याच्या हाती फार स्वस्त ढाल दिली आहे. ‘उदयकाल’च्या सेन्सॉरची खुर्ची आपण रिकामी ठेवायला हवी होती, आपण तिच्यावर जाऊन बसलो.

१९.
आक्षेप पहिला : ‘आम्ही काय समीक्षक आहोत? दोन घटका करमणूक केली, संपले.’ उत्तर : फाळकेही त्या दिवशी समीक्षक नव्हते. समीक्षा लिहा असे मी म्हणत नाही. पाहिले ते सांगा, एवढेच म्हणतो. आक्षेप दुसरा : ‘आवडनिवड ज्याची त्याची.’ मान्य. म्हणूनच तर कारण हवे. तुमची आवड माझी होणार नाही, पण तुमचे कारण मला कळू शकते. कारणाशिवाय दोन आवडी समोरासमोर आल्या की उरते ती धक्काबुक्की.

२०.
आक्षेप तिसरा वरच्या मजल्यावरून येतो : ‘सामान्य प्रेक्षकाला काय कळते? त्याची मते जमवून काय साधणार?’ रंगाचारियार समितीपुढच्या पुष्कळ साक्षीदारांची भूमिका हीच होती, आणि तिचा परिणाम वर सांगितला : लाखो माणसांनी पाहिलेल्या कलेचा इतिहास मूठभरांच्या तोंडून ऐकावा लागतो. चित्रपट महोत्सवात तीन मिनिटे टाळ्या वाजल्या हे ज्यांना नोंदवावेसे वाटते, त्यांना सोलापूर-नांदेडच्या थिएटरात कोणत्या वाक्याला शिट्टी पडली हे नोंदवावेसे का वाटू नये?

२१.
साक्ष किती थोडक्यात असू शकते याचे एक उदाहरण. बाबूराव पेंटर यांचा ‘सावकारी पाश’ १९२५ चा. कर्जापायी जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची कथा, तरुण शेतकरी व्ही. शांताराम. तो मूकपट हरवला. बाबूरावांनी १९३६ मध्ये तीच कथा बोलपटात आणली. निर्माते जे. बी. एच. वाडिया यांनी पुढे आठवण सांगितली ती एका दृश्याची : मंद उजेडातली उदास झोपडी, दुरून टिपलेली, आणि कुत्र्याचे विव्हळणे. एवढेच. पण एवढ्यात सावकाराने लुटलेले घर आपल्यापुढे उभे राहते. ‘अप्रतिम’ या शब्दाने ते उभे राहिले असते का?

२२.
आता आपल्या काळातले पाहू. ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी आला. त्याच्याविषयी आपण काय लिहिले? शंभर कोटी, आणि ‘झिंगाट’वर नाचणारी गर्दी. दोन्ही खरे. पण शेवटी पडद्यावरचा आवाज बंद होतो, लहान मूल रक्तात पावले उमटवत बाहेर जाते, त्या वेळी तुमच्या थिएटरात काय झाले? कोणी हसले का? कोणी उठून गेले का? दिवे लागल्यावर शेजारचे जोडपे एकमेकांशी काय बोलले? घरी परतताना तुम्ही कोणाचा विचार करीत होता? जातीच्या नावाने होणाऱ्या हत्येपुढे महाराष्ट्र त्या मिनिटाला कसा बसला होता, याची साक्ष देऊ शकणारे लाखो लोक आहेत. साक्षी मात्र किती?

२३.
‘आता तर सारे संगणकात राहते, काही हरवत नाही’ असे समजू नका. ज्या संकेतस्थळांवर आपण दहा-पंधरा वर्षांपूर्वी तावातावाने लिहीत होतो त्यांतली कित्येक बंद झाली. लिखाण त्यांच्याबरोबर गेले. चित्रपटसुद्धा करार संपला की घरबसल्या पाहण्याच्या मंचावरून एका रात्रीत नाहीसे होतात. नायट्रेट जळताना निदान धूर तरी दिसत असे. महत्त्वाचे वाटते ते वहीत उतरवून ठेवा, मित्राला पत्रातून पाठवा, ग्रंथालयाच्या हस्तलिखित अंकाला द्या.

२४.
आणि लिहायचे कसे, यात गूढ काही नाही. कुठे पाहिला आणि कोणाबरोबर. थिएटर भरलेले होते की ओस. कोणते एक दृश्य घरापर्यंत बरोबर आले. कुठे कंटाळा आला, आणि तो का. पाहण्यापूर्वी काय वाटत होते आणि पाहिल्यावर त्यातले काय बदलले. पाहिला नसेल तर ‘पाहिला नाही’ हे दोन शब्द. तीही एक प्रामाणिक नोंद आहे. यातले काहीही लिहिण्यासाठी नटाच्या बाजूने किंवा विरुद्ध उभे राहावे लागत नाही.

२५.
या धाग्याखाली आकडे नकोत, कोणत्या खानापेक्षा कोणता कुमार मोठा हेही नको. आपण शेवटचा पाहिलेला चित्रपट आणि त्यातले एक दृश्य, चार वाक्यांत लिहा. आवडला नसेल तरी चालेल. किंबहुना मग कारण अधिक नीट लिहा. मीही माझे खाली लिहितो. पन्नास वर्षांनी कोणी ‘त्या काळी मराठी माणूस चित्रपट कसा पाहत असे’ हे शोधायला बसला, तर त्याला तिकीटबारीच्या वहीखेरीज आणखी काही सापडायला हवे.